वादळाचा माग

हरवलेल्या बैलाचा माग कसा काढायचा हे आपल्या शिवारात कोणाला शिकवावे लागत नाही. खुराची खूण, वाटेत पडलेले ताजे शेण, मोडलेली काटी, समोरून आलेल्या वाटसरूचे दोन शब्द. एवढ्यावर जाणता माणूस दोन कोसांवर गेलेले जनावर दिवेलागणीच्या आत दावणीला आणून बांधतो. पण हा माग झाला गेलेल्याचा. जे अजून यायचेच आहे त्याचा माग काढायचा झाला तर? आणि येणारे ते जनावर म्हणजे तासाला ऐंशी-नव्वद किलोमीटर धावणारे, वाटेतली घरे जोत्यापासून उपटून नेणारे वादळ असले तर?

असा माग काढणारी माणसे जगात आहेत. त्यांनी एका दिवशी काढलेल्या मागाची हकिगत आज वाचकांपुढे ठेवायची आहे. तो दिवस २७ एप्रिल २०११ चा, आणि मुलूख अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्याचा. मुलूख दूरचा असला तरी अगदीच परका नव्हे. कापूस, भुईमूग, सोयाबीन पिकवणारा आणि गावोगाव कोंबड्यांच्या लांबच लांब शेडी असलेला हा शेतकऱ्यांचाच प्रदेश आहे. मी हवामानशास्त्रज्ञ नाही. बी.एस्सी.ला एक विषय म्हणून जेवढे शिकलो तेवढेच माझे पुस्तकी ज्ञान. बाकीचे गावोगाव हिंडताना, आभाळाकडे बघत बघत आलेले. या दिवसाची हकिगत मी मुद्दाम शोधून वाचली त्याला एक कारण घडले. ते पुढे ओघाने येईलच.

नावाचा घोळ

आधी नावाचा घोळ निस्तरलेला बरा. आपल्याकडे बातमीत प्रत्येक मोठ्या वाऱ्याला 'चक्रीवादळ' म्हणतात. जून २०२० मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आदळले ते 'निसर्ग' हे खरे चक्रीवादळ. ते समुद्रावर जन्मते, शेकडो किलोमीटर पसरते, कित्येक दिवस टिकते आणि उपग्रहाच्या चित्रात लांबून दिसते. टोर्नेडोची जातच निराळी. काही पुस्तकांत त्याला घूर्णवाती वादळ असे नाव आढळते. काळ्या ढगाच्या बुडातून हत्तीच्या सोंडेसारखे ते खाली उतरते. रुंदी बहुधा काहीशे मीटर, क्वचित दोन किलोमीटरांच्या वर. आयुष्य बहुधा काही मिनिटांचे, क्वचितच काही तासांचे. पण त्या चिंचोळ्या पट्ट्यात वाऱ्याचा वेग तासाला तीनशे किलोमीटरांपलीकडेही जातो. या काठाचे घर भुईसपाट होते आणि चार घरे सोडून पलीकडे अंगणातली तुळस हलतसुद्धा नाही.

उन्हाळ्यात आपल्या माळावर भिरभिरते ती वावटळ म्हणजे धाकटा टोर्नेडो, असेही कोणी समजू नये. वावटळ तापलेल्या जमिनीतून वर उठते आणि तिला ढग लागत नाही. टोर्नेडो ढगातून येतो. ढग नाही तर टोर्नेडो नाही. त्यामुळे त्याचा माग काढणे म्हणजे आधी त्या ढगाचा माग काढणे.

ढग शिजतो कसा

असा ढग तयार व्हायला चार गोष्टी एका जागी याव्या लागतात. जमिनीलगत भरपूर दमट हवा. अमेरिकेत ती दक्षिणेच्या मेक्सिकोच्या आखातावरून येते. तिच्या वर कोरडी, थंड हवा. खालच्या हवेला वर ढकलणारे काही कारण. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे उंचीप्रमाणे बदलत जाणारा वारा.

पहिल्या तीन गोष्टी आपल्या माताभगिनींना चुलीपाशी रोज दिसतात. दूध तापत असते, वर साय धरलेली असते, सायीखाली वाफ कोंडत जाते. बराच वेळ काहीच होत नाही. मग एका जागी साय फाटते आणि पातेले भसकन उतू जाते. आकाशातही मधल्या उंचीवर गरम हवेचा एक थर सायीसारखा झाकण घालून बसतो. दुपारपर्यंत उकाडा कोंडतो, आणि झाकण फुटले की तासाभरात ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच चढतो. आपला वळवाचा पाऊस असाच येतो.

चौथी गोष्ट मात्र आपल्याकडे सहसा पुरती जुळत नाही. जमिनीजवळचा वारा दक्षिणेकडून येतोय आणि सात-आठ किलोमीटर उंचीवरचा पश्चिमेकडून सुसाट धावतोय, असे झाले की मधल्या हवेला पीळ बसतो. देवापुढची वात वळताना खालचा तळवा थांबलेला आणि वरचा पुढे सरकत असतो, त्यांच्यामध्ये कापूस आडवा गोल फिरतो. तशी हवेची आडवी वळकटी तयार होते. वर चढणारा ढग तिला मधोमध उचलून धरतो, आडवी वळकटी उभी राहते आणि अख्खा ढगच भोवऱ्यासारखा गरगरू लागतो. अशा फिरत्या ढगाला सुपरसेल म्हणतात. साधा वळवाचा ढग अर्ध्या-पाऊण तासात रिता होऊन विरतो. हा तासन् तास जगतो. त्यातून लिंबाएवढ्या गारा पडतात, आणि अशा ढगांपैकी थोड्यांतून सोंड खाली येते. थोड्यांतूनच का, हे कोडे शास्त्रज्ञांनाही अजून पुरते सुटलेले नाही.

या चारही गोष्टी मोजता येतात, ही खरी आशेची बाब. जगभर शेकडो ठिकाणांहून रोज दोनदा, एकाच ठरलेल्या वेळी, हवामानाचे फुगे आकाशात सोडतात. आपल्याकडे ती वेळ सकाळी आणि सायंकाळी साडेपाचच्या सुमाराची. मुंबई-नागपुरातूनही असे फुगे जातात. फुग्याला टांगलेले छोटे यंत्र वर जाता जाता उष्णता, ओलावा आणि वारा कळवत राहते. भात शिजला की नाही हे शिते चाचपून पाहावे, तसे आभाळ चाचपून पाहण्याचा हा प्रकार आहे.

ज्या शब्दाला बंदी होती

आज अमेरिकेत टोर्नेडोचा इशारा मिनिटांच्या हिशेबात देतात. पण तेथेही एके काळी सरकारी अंदाजात 'टोर्नेडो' हा शब्द वापरायला बंदी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातलेली ही बंदी १९३८ पर्यंत चालली. लोक घाबरतील आणि अंदाज चुकला तर हसे होईल, ही भीती.

ती भीती मोडली ओक्लाहोमा राज्यातल्या टिंकर हवाई तळावर. २० मार्च १९४८ च्या रात्री तेथे अवचित टोर्नेडो आला आणि उभ्या विमानांचा चुराडा करून गेला. तळावरच्या फॉबश आणि मिलर या दोन हवामान अधिकाऱ्यांना वरिष्ठांनी सांगितले, पुन्हा असे होता कामा नये. दोघांनी जुने नकाशे काढून कोणत्या खुणा जुळल्या की टोर्नेडो होतो याचा शोध घेतला. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, त्याच खुणा पुन्हा नकाशावर उमटल्या. एकाच जागी पाच दिवसांत दुसऱ्यांदा टोर्नेडो येणे ही गोष्ट जवळजवळ अशक्य. तरी त्यांनी छातीठोकपणे लिहून दिले. विमाने आत घेतली, माणसे हलवली. दुपार टळली तरी काही चिन्ह दिसेना. मिलर खिन्न होऊन घरी गेला. आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याच तळावर टोर्नेडो उतरला! बातमी त्या बिचाऱ्याला घरी रेडिओवर कळली. माणूस एकही दगावला नाही.

पुढे रडार आले. ९ एप्रिल १९५३ रोजी इलिनॉय राज्यात रडारच्या पडद्यावर ढगाच्या शेपटाला विळ्यासारखा आकडा वळलेला दिसला, आणि त्या आकड्याखाली टोर्नेडो आहे हे उमगले. १९७४ च्या ३ आणि ४ एप्रिलला २४ तासांच्या आत १४८ टोर्नेडो झाले, तेव्हा डेटन शहराच्या दूरदर्शन केंद्रावरून गिल व्हिटनी नावाच्या निवेदकाने झीनिया गावाकडे निघालेला असा आकडा लोकांना दाखवला आणि आडोसा घ्यायला सांगितले. गावाचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला, तीसच्या वर माणसे गेली. पण ज्यांनी पडदा पाहिला त्यांतले कित्येक वाचले.

नव्वदच्या दशकात डॉप्लर रडार आले. एस.टी. आपल्याकडे येताना हॉर्नचा आवाज बारीक लागतो आणि पुढे निघून जाताच जाड होतो, हे आपण सर्वांनी थांब्यावर उभे राहून ऐकले आहे. त्याच न्यायाने हे रडार ढगातले थेंब आपल्याकडे येताहेत की दूर जाताहेत हे ओळखते. एकाच ढगात जवळजवळ दोन ठिपके, एक येणारा आणि एक जाणारा, दिसले की समजावे, तेथे हवा गरगरते आहे. सोंड बाहेर पडण्याआधीच ढगाच्या पोटातली फिरकी अशी कळते.

२७ एप्रिल, तासागणिक

ओक्लाहोमातल्या नॉर्मन गावी वादळांच्या अंदाजाचे राष्ट्रीय केंद्र आहे. त्यांच्या नकाशावर अलाबामा आणि शेजारच्या राज्यांभोवती रेघ पडली ती चार-पाच दिवस आधीच. दिवस जवळ येत गेला तशी ती गडद होत गेली, आणि २७ तारखेला तेथे सर्वांत वरच्या पायरीचा धोका लिहिला गेला.

पहाटेच विजांच्या कडकडाटात वादळांची एक लांब रांग राज्यावरून गेली. घरांची छपरे उडाली, झाडे पडली, लाखोंच्या घरातली वीज गेली. काही भागांत इशारा देणारे रेडिओचे मनोरेही बंद पडले. मग ढग फाटले, ऊन पडले. कित्येकांना वाटले, आले ते गेले. येथेच खरी मेख होती. पावसाने भिजलेल्या जमिनीवर ऊन पडले, वाफ धरू लागली, आखाताकडून दमट वारा सुरूच होता. वळवाआधीची घुसमट आपण ओळखतो. पण एक सर येऊन गेल्यावरची उघडीप फसवी असते, हे मोठमोठ्यांच्या लक्षात राहत नाही.

दुपारी पावणेदोनला केंद्राने 'सावध राहा'ची सूचना काढली आणि तिला 'विशेष धोकादायक परिस्थिती' असे शब्द जोडले. हे शब्द तेथे क्वचित वापरतात. इशाऱ्याच्या तेथे दोन मुख्य पायऱ्या आहेत. पहिली, सावध राहा. म्हणजे परिस्थिती जुळली आहे, कामे हाताशी ठेवा, पोरेबाळे लांब पाठवू नका. दुसरी, इशारा, म्हणजे रडारवर फिरकी दिसली किंवा कोणी डोळ्यांनी सोंड पाहिली, आता हातातले टाका आणि आडोशाला पळा.

तीनच्या आगेमागे कलमन गावावर पहिला मोठा घाव पडला. त्याच सुमारास राज्याच्या वायव्य कोपऱ्यात दुसरा टोर्नेडो उतरला. हॅकलबर्ग, फिल कॅम्पबेल ही लहान गावे त्याच्या वाटेत होती. जमीन न सोडता तो सुमारे २१० किलोमीटर गेला आणि एकट्या त्यानेच ७२ माणसे मारली. पुण्याहून सोलापूरच्या अलीकडे येऊन पोहोचावे एवढी ती वाट.

मागाच्या दृष्टीने सर्वांत शिकण्यासारखा ढग मात्र तिसरा. दुपारी २ वाजून ५४ मिनिटांनी शेजारच्या मिसिसिपी राज्यातल्या न्यूटन भागात तो रडारवर उमटला, आणि पडद्यासमोर बसलेल्यांनी पुढे त्याला सोडले नाही. ४ वाजून ४३ मिनिटांनी त्याची सोंड अलाबामाच्या जमिनीला टेकली. समोर टस्कलूसा हे विद्यापीठाचे शहर. शहरातल्या उंच मनोऱ्यावर दूरदर्शनचा कॅमेरा होता. पाचनंतर त्या कॅमेऱ्यात क्षितिजावर काळी भिंत दिसू लागली. जेम्स स्पॅन हे तेथील विश्वासाचे हवामान निवेदक. ते पडद्यावर होते आणि लोकांना आत जा, आत जा म्हणून सांगत होते. या गृहस्थांची एक पद्धत मला फार आवडली. नुसते जिल्ह्याचे नाव घेऊन ते थांबत नाहीत. अमुक रस्ता, तमुक चर्च, अमक्या खानावळीचा चौक अशा खुणा सांगतात. 'जिल्ह्यात तुरळक ठिकाणी' म्हटल्यावर कोणी जागचे हलत नाही. 'म्हसोबाच्या माळावरून ओढ्याकडे सरकतेय' म्हटले, की ओढ्याकाठचा माणूस उठतो.

सव्वापाचच्या आत ते शहरात शिरले. रडारच्या पडद्यावर आकड्याच्या टोकाशी एक गडद ठिपका उमटला. तो पावसाचा नव्हता. उडालेली लाकडे, पत्रे, घरांचे तुकडे आकाशात एवढे चढले होते की रडारला तेच दिसू लागले. आपल्याकडे त्या वेळी २८ तारखेचे पहाटेचे पावणेचार वाजले होते, आणि आपण सर्व झोपेत होतो.

टस्कलूसापासून बर्मिंगहॅमपर्यंत सुमारे १३० किलोमीटर नांगरून ६ वाजून १४ मिनिटांनी ती सोंड उचलली गेली. साठांहून अधिक माणसे गेली. ढग पुढे चालतच राहिला. रात्री दहानंतर तो नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या डोंगरात विरला, तेव्हा त्याने सात तासांवर वेळ आणि सहाशे किलोमीटरांवर वाट काटली होती. एवढा वेळ एकाच ढगाचा पाठलाग रडारवर एकामागून एक कचेऱ्या करत होत्या. गावचा कोतवाल शिवेवर दुसऱ्या कोतवालाच्या हाती टपाल देई, त्या तऱ्हेने.

आणि रडारच सारे बघते असेही नाही. पृथ्वी गोल असल्यामुळे रडारचा झोत जसजसा लांब जातो तसतसा जमिनीपासून वर उचलला जातो. शंभर किलोमीटरांवर तो दीड एक किलोमीटर उंचीवरून जातो. त्याखाली काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. म्हणून तेथे हजारो साध्या माणसांना ढग ओळखायला शिकवले आहे. शेतकरी, शिक्षक, अग्निशामक दलातले लोक, हौशी रेडिओवाले. ढगाचे बूड खाली लोंबतेय का, ते फिरतेय का, हे ते पाहतात आणि कळवतात. बांधावर उभा असलेला माणूस कोट्यवधींच्या यंत्राला डोळे पुरवतो, हे वाचून मला बरे वाटले.

इशारा होता, तरी माणसे गेली

त्या एका दिवसात एकट्या अलाबामात ६२ टोर्नेडो झाले. दक्षिणेतल्या साऱ्या राज्यांत मिळून तीनशेवर माणसे मेली. १९७४ साली जेवढी गेली जवळजवळ तेवढीच. आणि मधल्या ३७ वर्षांत डॉप्लर रडार आले होते, उपग्रह आले होते, संगणक आले होते. इशारेही वेळेवर होते. सरासरीने वीस मिनिटांहून अधिक आधी दिलेले. मेलेली जवळजवळ सारी माणसे इशारा दिलेल्या टापूतलीच होती.

मग घोडे पेंड कोठे खाते? चौकशीत कारणे निघाली ती फार साधी. पहाटेच्या वादळाने वीज गेल्यामुळे कित्येक घरांत दूरदर्शन बंद, फोन बंद. पुष्कळ लोक चाकावरच्या पत्र्याच्या घरांत राहणारे, आणि जवळपास तळघर नाही. काही टोर्नेडो एवढे जबर की पक्क्या घरातली आतली खोलीही पुरली नाही.

पण मला सर्वांत बोचले ते कारण वेगळे. महिनाभरात, २२ मे रोजी, मिसुरी राज्यातल्या जॉप्लिन शहरावर टोर्नेडो आला आणि दीडशेवर माणसे गेली. तेथेही भोंगा वीस मिनिटे आधी वाजला होता. वाचलेल्यांना नंतर विचारले तेव्हा कळले, की पहिल्या भोंग्याला बहुतेक जण हललेच नाहीत. भोंगा नेहमीच वाजतो! कोणी दार उघडून आभाळ पाहिले, कोणी फोन लावला, कोणी दूरदर्शन लावले. दुसरी काही खूण पटेपर्यंत ते थांबले, आणि त्यात मिनिटे गेली. त्यांना मूर्ख म्हणणे सोपे आहे. त्या काळी अमेरिकेत टोर्नेडोच्या चार इशाऱ्यांपैकी तीन फुकट जात. चारदा धावपळ करायची आणि तीनदा कपडे झटकत बाहेर यायचे. पाचव्या वेळी माणूस दमतो.

आपल्या आभाळात

आपल्या देशाच्या पूर्वेकडे आणि बांगलादेशात टोर्नेडो होतात. तेथे बंगालच्या उपसागरावरची दमट हवा खाली आणि पश्चिमेकडून येणारा कोरडा, वेगवान वारा वर, असा मेळ चैत्र-वैशाखात बसतो. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशच्या माणिकगंज भागात एका टोर्नेडोने तेराशेच्या आसपास माणसे मारली. जगात एका टोर्नेडोने घेतलेले हे सर्वांत मोठे बळी मानतात. कच्ची घरे, दाट वस्ती, आणि माग काढणारा कोणी नाही.

महाराष्ट्रात तशी भीती बाळगायचे कारण नाही. आपल्या वळवाच्या ढगांना वात वळणारा तो वरचा तळवा सहसा मिळत नाही. पण त्याच घराण्यातली दोन भावंडे आपल्या दारी नेहमी येतात, गारपीट आणि वीज. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात जी गारपीट झाली, ती कोण विसरेल? मी तेव्हा मराठवाड्यात होतो. काढणीला आलेला गहू, घाटे भरलेला हरभरा, द्राक्षांचे मांडव, सारे मातीत. पंचनाम्याला गेलो की बायामाणसे बोलत नसत, नुसती बांधावर बसून राहत.

आता माझ्या त्या कारणाकडे येतो. २०२१ चा एप्रिल. आमच्याकडे पुढच्या तीन तासांत कोठे मेघगर्जना होईल याचे संदेश फोनवर येत. मी ते गावांच्या गटांवर पुढे पाठवत असे. सोमवारी पाठवला, काही झाले नाही. मंगळवारी पाठवला, शेजारच्या तालुक्यात पाऊस झाला, आमच्याकडे टिपूस नाही. खळ्यावर आलेले मजूर लोकांनी परत पाठवले होते, कांद्यावर ताडपत्र्या ओढल्या होत्या. एकाने गटावरच लिहिले, "साहेब, तुमच्या पावसाला झाकून झाकून आमचा कांदा घामाने नासायचा." लोक हसले. मलाही लागले.

बुधवारी पावणेतीनला संदेश आला तेव्हा मी तालुक्याला बैठकीत होतो. बघितला. मनात आले, बैठक संपल्यावर पाठवू. नाहीतर पुन्हा हसे. फोन खिशात टाकला. साडेचारला माझ्या गावांपैकी एका गावात, वस्तीजवळच्या लिंबाखाली बांधलेली बैलजोडी आणि एक गाभण गाय वीज पडून जागीच गेली. राखणीला असलेला मुलगा नुकताच पाणी प्यायला घरात गेला होता, म्हणून राहिला.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. तलाठी होते, जनावरांचे डॉक्टर होते. त्या घरचे आजोबा माझ्यावर रागावले नाहीत. सह्या झाल्यावर एवढेच म्हणाले, "साहेब, काल मेसेज नव्हता का?"

मी उत्तर दिले नाही. अलाबामा-जॉप्लिनची हकिगत मी शोधली ती त्यानंतर. इशारा ऐकणारे का दमतात हे तेथे लिहून ठेवले आहे. देणाराही दमतो, हे मला माझ्यापुरते ठाऊक झाले होते.

तेव्हापासून मी काही गोष्टी बदलल्या. संदेश जसाच्या तसा न पाठवता त्यात गावाच्या खुणा घालतो. ढग कोणत्या बाजूचा आणि कोणत्या शिवारांना आधी लागेल, हे रडारच्या चित्रावरून जमेल तेवढे सांगतो. शनिवारी ज्या गावात काही आले नाही त्या गावाला रविवारी तसे कळवतोही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेले 'दामिनी' नावाचे ॲप मी बैठकीला येणाऱ्या पोरांच्या फोनवर घालून देतो. आपल्या भोवतीच्या वीस ते चाळीस किलोमीटर टापूत नुकतीच वीज कोठे पडली, ते त्यात दिसते. महसूल मंडळात कुंपण घालून उभे केलेले स्वयंचलित केंद्र वादळ ओळखते असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही, तेथे पडलेला पाऊस आणि आलेला वारा फक्त मोजला जातो.

फोन नसला तरी कान आहेत. वीज चमकली की एक, दोन, तीन मोजायला लागावे. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे आणि पुढची आपल्यावर पडू शकते. उठून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावे. झाडाखाली नाही, एकट्या पत्र्याच्या छपरीखाली नाही, तारेच्या कुंपणाला टेकून तर मुळीच नाही. विहिरीवर मोटर चालू असेल तर तिच्याजवळ जाऊ नये. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नये. पुष्कळ माणसे पाऊस थांबला म्हणून बाहेर पडतात आणि जाता जाता मागे वळून पडलेली वीज त्यांना गाठते. जनावरे उंच झाडाला बांधायची सवय मोडणे मला सर्वांत कठीण गेले आहे. सावली तेथेच असते, त्याला काय करणार?

त्या आजोबांकडे मी गेल्या मे महिन्यात गेलो होतो. लिंब अजून उभा आहे. एका बाजूची साल खालपर्यंत उकललेली. नवी जोडी घेतली आहे. फोन असतो सातवीतल्या नातीच्या हातात. मी ओसरीवर चहा घेत होतो, तेव्हाच ती आतून ओरडली, "आजोबा, लाल झालं!" म्हातारा उठला. भर दुपारी लिंबाच्या गार सावलीतून बैल सोडले आणि उन्हातून गोठ्यात नेऊन बांधले. पूर्वेला थोडे गडगडले. पाऊण तास आम्ही बसून राहिलो. काहीच आले नाही. मी ओशाळून म्हणालो, "आजही फुकट गेले." 

ते गोठ्याकडे निघाले होते. "या उन्हाळ्यातली ही सातवी खेप," ते म्हणाले, आणि बैलांची दावी सोडून त्यांना पाण्यावर घेऊन गेले.